प्लीहेची इजा (बालकांतील)

पोटाला बसलेल्या मुक्या माराने लहान मुलांची प्लीहा (डाव्या बरगड्यांआडची पांथरी) चिरणे किंवा फुटणे. विदर्भाच्या खेड्यांत चिंचेवरून पडणे, बैलाची धडक, बंडीखाली (बैलगाडीखाली) येणे, सायकलचे हँडल पोटात रुतणे अशा कारणांनी ती होऊ शकते. मुलांच्या बरगड्या लवचिक असल्याने त्या न मोडताही आत इजा होते. वरून कधीकधी ओरखडाही दिसत नाही. डाव्या कुशीत व डाव्या खांद्यात दुखणे, फिकेपणा, घाम, जलद नाडी ही लक्षणे. मुलांचा रक्तदाब बराच रक्तस्राव होईपर्यंत टिकतो आणि मग एकदम कोसळतो, म्हणून केवळ तो पाहून मुलाला घरी पाठवू नये. १५ किलोच्या मुलाच्या अंगात रक्त असते जेमतेम १.२ लिटर. पोट चोळणे तर टाळावेच.

पूर्वी फुटलेली प्लीहा सरसकट काढत. किंग व शुमाकर यांनी १९५२ मध्ये प्लीहा काढल्यानंतर तान्ह्या मुलांना होणाऱ्या जीवघेण्या जंतुसंसर्गाकडे लक्ष वेधले. टोरांटोहून उपाध्याय व सिम्पसन यांनी १९६८ मध्ये शस्त्रक्रियेविना उपचारांची बाजू मांडली. आज केवळ प्लीहेला इजा झालेली ९० टक्क्यांहून अधिक मुले चिरफाडीविना बरी होतात. सोनोग्राफीत पोटात रक्त दिसले किंवा सीटी स्कॅनमध्ये इजा मोठी निघाली, एवढ्यावरून पोट उघडत नाहीत. सलाईन व रक्त देऊनही नाडी-रक्तदाब सावरत नसेल तरच शस्त्रक्रिया. तीतही जमल्यास टाके घालून प्लीहा वाचवतात.

मात्र शस्त्रक्रिया न करता असे थांबणे जिथे सर्जन आणि रक्त रात्री-बेरात्रीही मिळेल तिथेच करायचे. ग्रामीण रुग्णालयात सलाईन, ऑक्सिजन लावून १०८ रुग्णवाहिकेने जिल्हा रुग्णालयात किंवा नागपूर, सेवाग्राम, यवतमाळ, अकोल्यासारख्या ठिकाणच्या वैद्यकीय महाविद्यालयात हलवणे शहाणपणाचे.

गडचिरोलीकडचा मलेरिया आणि पूर्व विदर्भातील सिकलसेल (तांबड्या रक्तपेशी विळ्यासारख्या होण्याचा आनुवंशिक आजार) यांमुळे गुंता वाढतो. या आजारांत सुजून बरगडीखाली उतरलेली प्लीहा किरकोळ धक्क्यानेही फुटू शकते. सिकलसेलच्या मुलाचे हिमोग्लोबिन एरवीही कमीच असते; जुना आकडा माहीत नसेल तर रक्तस्राव किती झाला याचा अंदाज चुकतो. म्हणून त्याचे कार्ड व जुने रिपोर्ट सोबत न्यावेत.

घरी गेल्यावर इजेच्या श्रेणीत (सीटी स्कॅनवरून ठरणारी, १ ते ५) दोन मिळवून येतील तितके आठवडे झाडावर चढणे, सायकल, कबड्डी बंद, असा प्रचलित ठोकताळा आहे. तिसऱ्या श्रेणीला पाच आठवडे. ऐन पोळ्याच्या दिवसांत हे पाळवून घेणे आईबापांना उपचाराहून जड जाते. प्लीहा काढावीच लागली, तर न्यूमोकोकस, मेनिंगोकोकस व हिब (हिमोफिलस इन्फ्लुएन्झा बी) या जंतूंवरच्या लसी आणि लहान वयात काही वर्षे पेनिसिलिन देतात. अशा मुलाला ताप आला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा लागतो.