ब्रिटिश विद्यापीठीय अमेरिकन फुटबॉल

ब्रिटनमधील विद्यापीठांत विद्यार्थ्यांनीच उभारलेले व चालवलेले अमेरिकन फुटबॉलचे क्लब आणि त्यांच्यातील स्पर्धा. लंबगोल चेंडू, हेल्मेट, खांद्यांवर जाड पॅड, प्रत्येक बाजूला ११ खेळाडू आणि १० यार्ड पुढे सरकण्यासाठी चार संधी, एवढे वर्णन ओळख पटायला पुरे. ब्रिटनमध्ये नुसते ‘फुटबॉल’ म्हटले की पायाने खेळायचा खेळ समजला जातो; म्हणून ‘अमेरिकन’ हे विशेषण या क्लबांना चुकत नाही.

वास्तविक हा खेळ ब्रिटनला पूर्ण परका नाही. १८७४ साली मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठाचा संघ हार्वर्डशी खेळला आणि इंग्लंडातून कॅनडात पोहोचलेल्या रग्बीचे नियम अमेरिकन महाविद्यालयांत शिरले. पुढे येलच्या वॉल्टर कॅम्पने त्यांत इतके फेरफार करवले, की वेगळाच खेळ तयार झाला. तो ब्रिटनमध्ये सामान्य लोकांपर्यंत परतला तो मात्र दूरचित्रवाणीवरून. १९८२ साली सुरू झालेल्या चॅनल फोरने एनएफएलचे (अमेरिकेतील व्यावसायिक लीगचे) सामने दाखवायला सुरुवात केली. ऑगस्ट १९८६ मध्ये लंडनच्या वेम्बली मैदानावर शिकागो बेअर्स आणि डॅलस काउबॉइज या अमेरिकन संघांचा प्रदर्शनीय सामना झाला, तेव्हा या खेळाचे वेड ऐन भरात होते. गावोगावी क्लब निघाले. त्याच दशकाच्या मध्यास विद्यापीठांच्या संघांनी ब्रिटिश कॉलेजिएट अमेरिकन फुटबॉल लीग सुरू केली.

वेड ओसरल्यावर शहरी क्लबांपैकी अनेक बंद पडले. १९९१ मध्ये वेम्बलीवर पहिला वर्ल्ड बोल, म्हणजे एनएफएलच्या पाठबळावर चालणाऱ्या आंतरराष्ट्रीय लीगचा अंतिम सामना, जिंकणारा व्यावसायिक संघ लंडन मोनार्क्सही त्या दशकाअखेरीस संपला. पुढे एनएफएल युरोप म्हणून ओळखली गेलेली ती लीगच २००७ मध्ये गुंडाळली गेली. विद्यापीठीय लीग मात्र चालत राहिली. तिचे नाव ब्रिटिश युनिव्हर्सिटीज अमेरिकन फुटबॉल लीग असे झाले आणि २०१२ पासून ती विद्यापीठीय क्रीडासंस्था ‘बक्स’च्या छत्राखाली आली. तिच्या टिकण्याचे श्रेय प्रायोजकांपेक्षा दर शरद ऋतूत कॅम्पसवर येणाऱ्या नव्या विद्यार्थ्यांना द्यावे लागेल.

सत्रारंभी भरणाऱ्या ‘फ्रेशर्स फेअर’मध्ये क्लब आपले टेबल मांडतो. तिथे नाव नोंदवणाऱ्या बहुतेकांनी तोवर हेल्मेट डोक्यावर चढवलेलेही नसते. कोणी शाळेत रग्बी खेळलेला, कोणी नुसताच धिप्पाड, कोणी फक्त टीव्हीवर सामने पाहिलेला. अशा नवख्यांना ‘रूकी’ म्हणतात. काही आठवड्यांत त्यांना डावपेचांची वही पाठ करावी लागते, आणि टॅकल करताना (प्रतिस्पर्ध्याला धरून पाडताना) डोके कुठे ठेवायचे हे त्याहून आधी शिकावे लागते. अमेरिकेत महाविद्यालयीन खेळाडू शाळेतच तयार झालेला असतो, शिष्यवृत्तीवर येतो आणि लाखभर प्रेक्षकांपुढेही खेळतो; इथे बरेचदा खेळाडूच सभासदवर्गणी भरतो. हेल्मेट-पॅड क्लबच्या साठ्यातले, पुष्कळांनी वापरलेले. अध्यक्ष, खजिनदार, साहित्य सांभाळणारा असे सगळे विद्यार्थीच, आणि तेही दरवर्षी निवडून येणारे.

याच रचनेत क्लबांचे खरे दुखणे आहे. इंग्लंडमधील पदवी बहुधा तीन वर्षांची. क्वार्टरबॅक, म्हणजे संघाची चढाई चालवणारा खेळाडू, खेळात मुरतो न मुरतो तोच त्याचा पदवीदान समारंभ येतो. त्यामुळे एखाद्या वर्षी अजिंक्य वाटणारा संघ दोनच हंगामांत तळाशी गेला, तरी जाणकारांना नवल वाटत नाही. जिथे जुने खेळाडू प्रशिक्षक म्हणून टिकतात, तिथे ही घसरण सावरते.

विद्यापीठांचे इतर बरेच सामने बुधवारी होतात. अमेरिकन फुटबॉलचे रविवारी. हंगाम मुख्यतः हिवाळ्याचा, म्हणजे चिखल, पाऊस आणि चारला पडणारा अंधार. शहरी क्लबांची लीग उन्हाळ्यात असल्याने अनेक विद्यार्थी दोन्हीकडे खेळतात, आणि शहरी क्लबांना शिकवलेले खेळाडू आयते मिळतात.

संघांची नावे अमेरिकन थाटाची असली तरी मातीशी नाते सांगणारीही आहेत. स्टर्लिंगचे ‘क्लॅन्समेन’ म्हणजे स्कॉटिश कुळांचे लढवय्ये. लँकेस्टरचे ‘बॉम्बर्स’ वाचताच दुसऱ्या महायुद्धातले ‘लँकेस्टर’ हे बॉम्बफेकी विमान आठवते. आरमारी बंदर पोर्ट्समथचे ‘डिस्ट्रॉयर्स’, म्हणजे विनाशिका या युद्धनौका. वेल्समधील अ‍ॅबरिस्टविथच्या संघाने तर इंग्रजी नाव घेतलेच नाही. ‘तारानाय’ हा त्यांचा शब्द वेल्श भाषेतला, त्याचा अर्थ मेघगर्जना.