शांत झालंय, की रक्त कमी झालंय?

दिवसभर पलंगावर उड्या मारणारं स्वमग्न मूल हळूहळू एका जागी बसायला लागलं, की घरात आधी हायसंच वाटतं. थेरपी लागू पडली म्हणायची! नडगीवर निळे डाग दिसतात, पण ते तर सारखं कुठे ना कुठे आपटतच असतं. हिरड्यांतून रक्त येतं, पण धड ब्रश करू देतंय कुठे? प्रत्येक लक्षणाला उत्तर तयार, आणि ते दवाखान्यातही तितकंच तयार असतं. मग कधीतरी रक्त तपासलं जातं आणि तिन्ही प्रकारच्या पेशी घसरलेल्या दिसतात.

अप्लास्टिक अ‍ॅनिमियाचं निदान असंही होतं. पाउल एर्लिख यांनी 1888 मध्ये या आजाराचं वर्णन केलं. अस्थिमज्जेत रक्तपेशी तयार होणं जवळपास थांबतं. बहुतेकदा शरीराचं रक्षण करणाऱ्या टी-पेशीच मज्जेतल्या मूळ पेशींवर उलटलेल्या असतात. लाल पेशी सुमारे 120 दिवस जगतात, रक्त थांबवणाऱ्या प्लेटलेट 8 ते 10 दिवस, तर जंतूंशी लढणाऱ्या न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी रक्तात जेमतेम दिवसभर टिकतात. म्हणून हिमोग्लोबिन सावकाश उतरतं, शरीर निभावून नेत राहतं आणि थकवा शहाणपणासारखा दिसतो.

स्वमग्न मुलांना दुखतच नाही, हा समज चुकीचा आहे. दुखतं, दाखवायची तऱ्हा निराळी. कुणी कान जास्त झाकेल, कुणी एकच शब्द घोकत राहील, कुणी आवडता पदार्थ ढकलून देईल. त्यामुळे 'हे त्याचं नेहमीचं नाही' हे आईबापांचं वाक्य माझ्या मते रिपोर्टच्या तोडीचा पुरावा आहे. नेहमीचं काय, ते लिहून फाइलच्या पहिल्याच पानावर लावावं. रात्रपाळीच्या डॉक्टरला हे मूल नवं असतं.

एक गोष्ट तर न विचारता सांगावी: मूल चिडलं की डोकं आपटतं का? प्लेटलेट एरवी दर मायक्रोलिटर रक्तात दीड लाखाच्या वर असतात. त्या 20,000 च्या खाली गेल्या की तोच राग मेंदूत रक्तस्राव घडवू शकतो. प्रकृती स्थिर असलेल्या मुलाला बऱ्याचदा 10,000 पर्यंत थांबून प्लेटलेट चढवतात. डोकं आपटणाऱ्या मुलासाठी डॉक्टर ही रेषा वर नेऊ शकतात. पण त्यांना ठाऊक असेल तरच. डोक्याला मऊ हेल्मेट घालायचं का, हेही तेव्हाच विचारावं.

तापाबाबत घासाघीस नाही. न्यूट्रोफिल 500 च्या खाली असताना 38 अंश सेल्सिअस म्हणजे लगेच रुग्णालय. आयबुप्रोफेन किंवा अ‍ॅस्पिरिन मनाने देऊ नये, ती प्लेटलेटचं काम बिघडवतात.

सुईचा प्रश्न मात्र रोजचा. बधिर करणाऱ्या मलमाला तासभर लागतो आणि त्यावर प्लास्टिकची पट्टी चिकटवतात. काही मुलांना सुईपेक्षा ती पट्टी काढतानाची ओढच सोसत नाही. कडेला थोडं तेल लावून ती सावकाश सोडवता येते. चौघांनी धरून रक्त काढलं, तर धरलेल्या बोटांचेही डाग उठतात. त्यापेक्षा सगळ्या तपासण्या एकाच टोचण्यात मागून घ्याव्यात. आणि 'काही दुखणार नाही' असं सांगू नये. एकदा खोटं ठरलं की पुढचा प्रत्येक हात आवळलेला मिळतो.

सख्ख्या भावंडाची मज्जा जुळली तर प्रत्यारोपण हा बहुधा पहिला पर्याय. प्रत्येक भावंड पूर्ण जुळण्याची शक्यता 25 टक्के. नाही जुळली तर अनेकदा घोड्याच्या रक्तातून मिळवलेली एटीजी ही टी-पेशींना आवरणारी प्रतिपिंडं सलाईनमधून तासन्‌तास चालतात, सहसा 4 दिवस. नळ्या ओढणाऱ्या मुलासाठी हे दिवस कसोटीचे, म्हणून त्वचेखाली बसवायच्या पोर्टबद्दल, म्हणजे औषध सोडायच्या छोट्या डबीबद्दल, आधीच बोलावं. सोबत सायक्लोस्पोरिन, तेही टी-पेशींना आवरणारंच. त्याचं द्रव औषध तेलकट आणि उग्र वासाचं असतं. ते आवडत्या पदार्थात चोरून मिसळण्याचा मोह होतो, पण मोजकंच खाणारं मूल वास लागताच तो पदार्थही कायमचा सोडू शकतं. कॅप्सूल चालेल का, विचारावं. एटीजीनंतर पेशी वाढायला सहसा 3 ते 6 महिने लागतात, आणि तोवरच नाही, त्यानंतरही काही महिने हे औषध रोज दोनदा पोटात जावं लागतं.