रिकामा सर्व्हर ‘फुल्ल’ का दाखवतो?

समजा, माटुंग्याच्या एखाद्या कॉलेजात मुलांनी जुने चार कॉम्प्युटर जोडून क्लस्टर उभा केला. प्रोसेसर निवांत आहेत, तरी नवं ॲप सुरू होत नाही. स्क्रीनवर ‘पेंडिंग’ आणि पुढे कारण: सीपीयू (म्हणजे प्रोसेसरच) अपुरा.

गूगलने 2014 मध्ये सर्वांसाठी खुली केलेली कुबरनेटीस ही प्रणाली कुठलं काम कोणत्या यंत्रावर चालवायचं ते ठरवते. तिचा शेड्यूलर, म्हणजे ही वाटणी करणारा भाग, त्या क्षणीचा वापर बघतच नाही. प्रत्येक कामाने आधी मागून ठेवलेला वाटा तेवढा मोजतो. गणपतीत कोकणच्या गाडीत बर्थ रिकामा दिसला तरी तो दुसऱ्याच्या नावावर असतो आणि आपण वेटिंगवरच राहतो, तसंच हे.

आपण कधी मागितलेही नव्हते असे ॲड-ऑनही वाटा अडवतात. मेट्रिक्स-सर्व्हर घ्या. वापराचे आकडे तो साधारण दर 15 सेकंदांनी गोळा करतो आणि त्यासाठी प्रोसेसरच्या एका कोअरचा दहावा हिस्सा राखून ठेवतो. दोन कोअरच्या जुन्या यंत्रावर हे थोडं नाही. केथ्रीएस या कुबरनेटीसच्या हलक्या आवृत्तीत ट्रेफिक (Traefik) नावाचा प्रोग्रॅमही आयता येतो. बाहेरून आलेली विनंती योग्य ॲपकडे पोचवणं हे त्याचं काम. त्यासाठी तुम्ही एनजिनएक्स हे दुसरं सॉफ्टवेअर बसवलं असेल, तर ट्रेफिक उगाच मेमरी खात बसतो.

मग डिलीट करून टाकायचा? केथ्रीएसमध्ये तसं केलंत, तर सर्व्हर रीस्टार्ट होताच तो परत हजर! त्याची फाइल सर्व्हरच्या मॅनिफेस्ट फोल्डरमध्ये असते आणि दर वेळी तिथूनच मांडणी होते. म्हणून कॉन्फिग फाइलमध्ये ‘डिसेबल’पुढे त्याचं नाव लिहायचं.

कोअरडीएनएसला मात्र हात लावू नका. ॲप्स एकमेकांना नावाने शोधतात ती त्याच्याच जोरावर. मेट्रिक्स-सर्व्हर बंद केला, तर गर्दीनुसार ॲपच्या प्रती आपोआप वाढवण्याची नेहमीची सोय बंद पडते. सरावाच्या क्लस्टरला ते चालेल; निकालाच्या दिवशी हजारो मुलं उघडतील त्या साइटला मुळीच नाही.

एवढ्याने वीजबिल लगेच उतरत नाही, हेही सांगायला हवं. मोकळ्या झालेल्या जागेत चौथ्या यंत्रावरची कामं मावली आणि ते यंत्र बंद करता आलं, तर खरी बचत. मुंबईच्या दमट उकाड्यात त्याची उष्णता बाहेर काढणाऱ्या एसीचा भारही तेवढाच कमी होतो.