गायतोंडे यांची चित्रपद्धती

चित्रकार वासुदेव संतू गायतोंडे (१९२४–२००१) यांनी तैलरंगात घडवलेली, रंग चढवण्याइतकीच तो काढून घेण्यावर उभी असलेली रीत. आपल्या चित्रांना ‘अमूर्त’ म्हटलेले त्यांना रुचत नसे. ‘वस्तुनिरपेक्ष’ हा शब्द त्यांना जवळचा होता. भेद बारीक वाटला तरी खरा आहे. अमूर्तात कशाचे तरी रूप गाळलेले असते; इथे गाळायला मुळात काही नसतेच.

जन्म नागपूरचा, घराणे गोव्याचे, वाढ गिरगावातल्या चाळीत. सर जे. जे. कलाशाळेची पदविका १९४८ सालची. सुरुवातीच्या मानवाकृतींवर भारतीय लघुचित्रांची आणि स्विस-जर्मन चित्रकार पॉल क्ले यांची छाया दिसते. पुढे आकृती गेल्या, कुंचलाही मागे पडला आणि हाती रोलर व पॅलेट नाइफ (रंग लावायची-खरवडायची सुरी) आले.

पातळ केलेला रंग रोलरने पसरायचा, ओला असतानाच सुरीने कुठे खरवडायचा, मग त्यावर पुढचा थर. फाडलेल्या कागदांच्या तुकड्यांनीही ते रंग उमटवत आणि उचलत. त्यातून उरणारे ठसे एखाद्या विसरलेल्या लिपीतल्या अक्षरांसारखे दिसतात. वाचायला जावे तर हाती काही लागत नाही. लांबून चित्र एकाच रंगाचे भासते, करडे किंवा शेवाळी. जवळ गेल्यावर वरच्या विरळ थरातून खालचा रंग झिरपताना दिसतो आणि उजेड चित्राच्या आतून येतोय असे वाटते. खुणा मोजक्या म्हणून काम थोडे, असे मात्र नव्हे. वर्षाकाठी जेमतेम पाच-सहा कॅनव्हास होत. बाकीचा वेळ विचारात जाई. झेन या जपानी बौद्ध पंथाच्या विचाराची ओढ होतीच.

१९६४-६५ मध्ये रॉकफेलर शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कला होते. तेव्हापासून मोठे रंगपट्टे रंगवणारे अमेरिकी चित्रकार मार्क रॉथको यांच्याशी तुलना चिकटली, ती अर्धीच पटते. रॉथकोंचे रंगपट्टे स्वतःच चित्र होतात. गायतोंडे यांच्याकडे रंग हे पाणी आणि खुणा त्यावर तरंगणाऱ्या. उभा कॅनव्हास त्यांनी साठच्या दशकाच्या अखेरीस पक्का केला.

१९७२ मध्ये ते दिल्लीला गेले, निजामुद्दीनला राहू लागले. १९८४ च्या अपघातानंतर मोठे कॅनव्हास काही वर्षे थांबले. त्या काळात कागदावर शाईने काढलेल्या छोट्या रेखाटनांत थर नाहीत, खरवडणे नाही. कोऱ्या पांढऱ्यावर त्याच न वाचता येणाऱ्या खुणा आहेत.