पिंजऱ्याला नाव काय द्यायचं: शिकारखान्यापासून बचाव केंद्रापर्यंत

कोल्हापूर जिल्ह्यातल्या नांदणीच्या जैन मठातली हत्तीण माधुरी (कागदोपत्री महादेवी) कोर्टाच्या आदेशावरून २८ जुलै २०२५ ला गुजरातेत जामनगरच्या वनतारा केंद्राकडे निघाली तेव्हा सगळ्या भांडणात एक वाक्य सारखं कानावर येत होतं, "अहो ते काय झू आहे का, बचाव केंद्र आहे ते." आणि समोरून लगेच, "बचाव कसला, तिथं पण आतच ठेवणार ना." दोन्हीकडचे लोक पोटतिडकीनं बोलत होते. पण या शब्दांचा गुंता जुना आहे आणि तो सोडवल्याशिवाय आजचं भांडण नीट कळत नाही, म्हणून हे लिहितेय.

लांबचा इतिहास थोडक्यात उरकते. पेशव्यांचा पर्वतीच्या पायथ्याशी शिकारखाना होता. नावात शिकार असली तरी तिथं प्राणी पाळलेले असायचे, आणि ज्याच्या दारात वाघ त्याची ऐट मोठी, एवढाच त्यामागचा हिशोब. मुंबईत १८६२ मध्ये राणीचा बाग झाला, तो मुळात झाडांसाठी, प्राणी नंतर आले. पुण्यात १९५३ साली पेशवे पार्क झालं, पोरांना वाघ-सिंह बघायला मिळावेत म्हणून. संग्रहालय हा शब्दच बघा ना, संग्रह नाण्यांचा करतात, तिकिटांचा करतात. त्याच शब्दात आपण जिवंत जनावर बसवलं आणि कित्येक वर्षं कुणाला ते खटकलं पण नाही.

मलाही नव्हतं खटकलं. लहानपणी एका झूमध्ये (कुठलं ते सांगत नाही) हत्तीण होती, मागचा एक पाय आणि पुढचा एक पाय साखळदंडानं बांधलेला, खाली सिमेंटचा ओटा, आणि ती दिवसभर जागच्या जागी डावीकडून उजवीकडे डुलत असायची. आम्ही पोरं टाळ्या वाजवायचो, नाचतेय म्हणून. पुढे मोठेपणी कळलं की बांधून ठेवलेल्या, करायला काहीच नसलेल्या हत्तीला असं डुलायची खोड लागते, अस्वल पिंजऱ्यात आठाच्या आकड्यात फेऱ्या मारतं तसलंच ते. ते कळल्यावर त्या टाळ्या आठवून अजून पोटात कालवतं.

१९६० चा क्रूरतेविरुद्धचा कायदा आणि १९७२ चा वन्यजीव कायदा सगळ्यांना माहीत आहेत, ते सोडून देते. झूसाठी वेगळं प्रकरण वन्यजीव कायद्यात १९९१ च्या दुरुस्तीनं आलं, मग १९९२ ला देशभरातल्या झूंना मान्यता देणारं केंद्राचं प्राधिकरण आणि नियम. आठवड्यातून एक दिवस बंद ठेवा, म्हणजे जनावरांना गर्दीपासून सुट्टी (राणीबाग आणि पुण्यातलं कात्रजचं झू बुधवारी बंद असतात ते उगाच नाही), जोडीदाराशिवाय एकट्या प्राण्याला सबळ कारण नसताना वर्षाच्या वर ठेवू नका, अशा गोष्टी त्यात होत्या. १९९८ च्या धोरणात तर झूचं मुख्य काम संवर्धनाला हातभार लावणं असं लिहिलं गेलं, करमणूक मागच्या बाकावर गेली. कागदावर तरी.

आता खरा गुंता. १९९१ च्या व्याख्येनुसार झू म्हणजे काय, तर एका जागी असलेली किंवा फिरती अशी संस्था जिथं बंदिस्त प्राणी लोकांना बघायला ठेवलेत. सर्कस त्यात नव्हती. २००२ च्या दुरुस्तीत सर्कसपण आत आली आणि तिच्याच शेजारी आलं रेस्क्यू सेंटर, म्हणजे तंबूत स्टुलावर चढणारा प्राणी आणि तिथून सोडवून आणलेला प्राणी जिथं राहतो ती जागा, दोन्ही एकाच व्याख्येखाली. २०२२ च्या दुरुस्तीत हे अजून पसरलं, बघायला ठेवण्याबरोबर संवर्धनासाठी ठेवणं हाही हेतू जोडला आणि बचाव केंद्रं, प्रजनन केंद्रं यांना "प्रदर्शनाबाहेरच्या सुविधा" असं नाव मिळालं. म्हणजे "ते झू नाही, बचाव केंद्र आहे" हे वाक्य कायद्याच्या भाषेत टिकतच नाही, बचाव केंद्र झूच्या पोटातच आहे. आणि एका अर्थी हे बरंच आहे असं मला वाटतं, कारण जागा किती, खाली माती की फरशी, डॉक्टर कुठे आहे, साखळी किती तास, हे प्रश्न मग नाव बघून माफ होत नाहीत.

हत्तींच्या बाबतीत याची परीक्षा आधीच झालीय. नोव्हेंबर २००९ मध्ये त्याच प्राधिकरणानं सर्क्युलर काढलं की झू आणि सर्कशीतले सगळे हत्ती तिथून हलवा, हत्ती कॅम्पमध्ये किंवा अभयारण्यात पाठवा. तेव्हा २६ झू आणि १६ सर्कशी मिळून १४० हत्ती होते. कारण साधं दिलं होतं, या जनावराला लागते तेवढी जागा झूकडे नाही. मला आजही वाटतं की आपल्याकडे बंदिस्त प्राण्यांबद्दल घेतलेला हा सगळ्यात धाडसी निर्णय होता. पण तो पूर्ण अमलात आला नाही, मोठमोठ्या झूमध्ये पुढेही हत्ती राहिले. पाठवायचे तर कुठं, तिथला खर्च कुणाचा, आणि माहुताशी वर्षानुवर्षं जुळलेलं जनावर एकदम तोडायचं का, हे तिन्ही प्रश्न खोटे नव्हते. शिवाय हत्ती म्हणजे तिकीट खिडकीवरची गर्दी, ते कुणी मोठ्यानं म्हणत नाही. सर्कशीचं उलट झालं. वाघ, सिंह, बिबट्या, अस्वल, माकड यांचे खेळ बंद करण्याच्या नोटिफिकेशनला २००१ मध्ये सुप्रीम कोर्टानं उचलून धरलं आणि तंबूतले सिंह खरोखर बाहेर आले. त्या यादीत हत्ती नव्हता.

मधल्या काळात मुंबईत पेंग्विन आले. जुलै २०१६ ला आठ, त्यातला एक ऑक्टोबरात मेला, २०१७ मध्ये राणीबागेचं तिकीट ५ रुपयांवरून ५० झालं. त्यावर एवढं बोलून झालंय की जास्त लिहीत नाही, फक्त एवढंच की तो वाद बराचसा टेंडर आणि पैशांवर झाला, पक्ष्याचा विषय मागेच राहिला.

२०२२ च्याच दुरुस्तीत हत्तींसाठी अजून चार शब्द आले, मालकीचा दाखला असेल तर हत्ती "धार्मिक किंवा इतर कोणत्याही" कारणासाठी हलवता येईल. या "इतर कोणत्याही" वर तेव्हाच आरडाओरडा झाला होता आणि तो रास्त होता, कारण एवढ्या मोठ्या दारातून काहीही जाऊ शकतं. त्याच वर्षी ताडोबातले वनखात्याचे पाळीव हत्ती गुजरातला गेले, गडचिरोलीत कमलापूरचे मात्र लोकांनी विरोध केल्यावर तिथंच राहिले. कमलापूर म्हणजे जंगलातला कॅम्प, २००९ च्या सर्क्युलरमध्ये हत्तींना जिथं पाठवा म्हटलं होतं तसलीच जागा.

आणि मग माधुरी. मठात १९९२ पासून, म्हणजे गावातल्या दोन पिढ्यांनी तिला रोज पाहिलेलं. कोर्टापुढच्या अहवालात तिच्या पायाच्या जखमा, वाढलेली नखं, सांधेदुखी होती, ते खोटं ठरवायची गरज नाही, आणि तिला निरोप देताना रडणारी बायामाणसंही खोटी नव्हती. ३ ऑगस्टला नांदणी ते कोल्हापूर लोक पायी चालत गेले. त्यानंतर चक्रं फिरली आणि नांदणीतच केंद्र उभारायचा प्रस्ताव आला, पाण्याचं तळं, मऊ जमीन, साखळी नाही, डॉक्टर चोवीस तास. गावाला माधुरी डोळ्यासमोर हवीय आणि कायद्यात अशा जागेला शब्द आहे "प्रदर्शनाबाहेरची सुविधा", तेव्हा उद्या तिच्या दर्शनाला कुंपणापाशी रांग लागली तर त्या जागेला काय म्हणायचं, इथूनच पुढचं भांडण सुरू होणार आहे.