संवादी व्हिडिओ शोधप्रणालींचे मूल्यमापन

मोठ्या व्हिडिओसाठ्यातून हवा तो क्षण माणूस आणि संगणक मिळून किती लवकर व किती अचूक शोधतात, हे तपासण्याची पद्धत. इथे एकट्या यंत्राला गुण देऊन भागत नाही. शोधणारा शब्द बदलतो, चित्रांच्या रांगा चाळतो, चुकतो, पुन्हा वळतो. हे सगळे मोजावे लागते.

सोलापुरात याचे उदाहरण घरोघरी सापडेल. संक्रांतीला सिद्धेश्वराची यात्रा भरते. सात नंदीध्वज, म्हणजे खांद्यावर पेलायच्या उंच सजवलेल्या काठ्या, निघतात, सम्मती कट्ट्यावर अक्षता पडतात आणि असंख्य मोबाइल हे टिपत असतात. समजा, एका घरात दहा वर्षांचे चित्रण साठले आहे आणि आजी नातवाला म्हणते, "तुझ्या आजोबांनी नंदीध्वज पेलला होता बघ, शेजारी लाल फेट्याचा माणूस होता. तेवढं दाखव की." नातू 'बाराबंदी' असा शब्द टाकतो, तर पडदाभर पांढरे कपडेच दिसतात, कारण मिरवणुकीत बहुतेकांच्या अंगावर बाराबंदीच असते. उपयोगी पडतो तो लाल फेटा. असा नेमका एकच क्षण शोधण्याला 'ज्ञात दृश्याचा शोध' म्हणता येईल. याउलट 'होम मैदानावर पाळण्यात बसलेली मुले' अशी जितकी दृश्ये असतील तितकी गोळा करणे हा दुसरा प्रकार. त्यात परीक्षकांचाच कस लागतो: आकाशपाळणा चालेल, पण तान्ह्या बाळाचा पाळणा आला तर? हे आधी ठरले नसेल, तर गुणांना अर्थ उरत नाही.

या क्षेत्रातली ठळक स्पर्धा म्हणजे 'व्हिडिओ ब्राउझर शोडाउन'. ती 2012 मध्ये ऑस्ट्रियातील क्लागनफुर्ट येथे सुरू झाली. सर्व संघांपुढे एकच साठा, एकच प्रश्न आणि एकच घड्याळ असते. कधी छोटी चित्रफीत दाखवतात, कधी वर्णन टप्प्याटप्प्याने उलगडतात. उशीर झाला की गुण घटतात, चुकीच्या उत्तराचा दंड वेगळा. तिथे वापरलेल्या एका संग्रहात 7,475 व्हिडिओ, म्हणजे सुमारे 1,000 तासांचे चित्रण आहे. 2018 पासून 'लाइफलॉग सर्च चॅलेंज' भरते. त्यात अंगावरच्या कॅमेऱ्याने टिपलेल्या रोजच्या आयुष्यातून प्रसंग शोधायचा असतो. अमेरिकेतील 'ट्रेकव्हिड' हा व्हिडिओ शोधाच्या मूल्यमापनाचा उपक्रम या दोन्हींहून जुना, 2001 चा.

सर्वांत मोलाची फेरी नवख्यांची. प्रणाली बनवणाऱ्याला तिच्या खाचाखोचा पाठ असतात, म्हणून प्रेक्षकांतल्या कुणाला तरी पुढे बसवतात. सोलापुरात ही फेरी घ्यायची तर मराठी, कन्नड आणि तेलुगू बोलणारे लोक बसवायला हवेत, आणि प्रश्न त्यांच्याच बोलीत द्यायला हवेत. चित्रांच्या इंग्रजी मथळ्यांवर शिकलेले संगणकीय प्रारूप 'नंदीध्वज' या शब्दाला ध्वज समजेल की नंदी, हे तपासल्याशिवाय कळत नाही.

अंतिम गुणांइतकीच प्रत्येक हालचालीची नोंद महत्त्वाची. वेळ संपली म्हणजे यंत्र हरलेच असे नाही. पुष्कळदा योग्य दृश्य यादीत आलेले असते आणि माणसाची नजर त्यावरून निसटते. वरच्या उदाहरणात नोंद उघडली, तर कदाचित असे दिसेल: लाल फेट्याचे चित्र दुसऱ्याच प्रयत्नात तिसऱ्या रांगेत आले होते, अंगठ्याएवढे, आणि नातवाने पान पुढे सरकवले होते. अशा वेळी शोधाचे गणित बदलून उपयोग नाही. चित्रे मोठी करावी लागतात.