आशालता वाबगावकर

वाबगावकर, आशालता : (१९४१ – २२ सप्टेंबर २०२०). मराठी संगीत रंगभूमीवरील गायिका-अभिनेत्री आणि हिंदी-मराठी चित्रपट व दूरचित्रवाणी मालिकांतील चरित्र अभिनेत्री. जन्म गोव्यात, शिक्षण आणि कारकीर्द मुंबईत. चित्रपटांच्या श्रेयनामावलीत त्यांचे नाव बहुधा नुसते ‘आशालता’ असे येते. त्यामुळे १९४०च्या सुमारास हिंदी चित्रपटांत काम करणाऱ्या आशालता बिस्वास (संगीतकार अनिल बिस्वास यांच्या पत्नी) यांच्याशी त्यांची गल्लत होते. दोघींचा एकमेकींशी संबंध नाही.

हिंदी प्रेक्षकाने त्यांना नायकनायिकेची आई म्हणून पाहिले, मालिकांच्या प्रेक्षकाने आजी म्हणून. हे दोन्ही चेहरे खरे असले, तरी त्यांच्या आधीची आणि त्यांच्यामागची ओळख गाणाऱ्या नटीची आहे. ती ध्यानात घेतल्याशिवाय त्यांच्या पडद्यावरच्या कामाचे मोल नीट कळत नाही. म्हणून या नोंदीत रंगभूमीला अधिक जागा दिली आहे.

गोवा आणि गिरगाव

आशालताबाईंचा जन्म झाला तेव्हा गोव्यात पोर्तुगीज राजवट होती. गोव्यातल्या हिंदू घरांत बोलणे कोकणीतून आणि नाटक मराठीतून, अशी वाटणी पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली. देवस्थानाची जत्रा, पालखी, उत्सव म्हटला की मंडपात रात्रभर मराठी नाटक व्हायचेच, आणि त्यातही संगीत नाटक. नाट्यपदे पाठ असणे ही तिथे कुणा एका गवयाची मक्तेदारी नव्हती. मंगेशीत १९०० साली जन्मलेले मास्टर दीनानाथ मंगेशकर याच मातीतले, आणि पुढे नाट्यसंगीताला नवे वळण देणारे पं. जितेंद्र अभिषेकी हेही मंगेशीचेच.

शिक्षण आणि नोकरी यांसाठी गोमंतकीय माणूस तेव्हा मुंबईची वाट धरी. गिरगाव आणि आसपासच्या वाड्यांत गोंयकारांची वस्ती दाट होती. १९५५च्या सुमारास भारत सरकारने गोव्याची आर्थिक कोंडी केली, रेल्वे बंद झाली आणि गावी जाणे-येणे अवघड होऊन बसले. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त होईपर्यंत मुंबईतल्या कितीतरी घरांना गाव आठवणीतच भेटत असे. मुंबईतल्या गोमंतकीय संस्थांनी त्या काळात नाटक इतके जिवापाड का धरून ठेवले, याचे एक कारण मला या तुटलेपणात दिसते.

आशालताबाई गिरगावातल्या सेंट कोलंबा शाळेत शिकल्या. आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावर त्यांनी लहान वयातच कोकणी गाणी गायिली. पुढे मंत्रालयात नोकरी करता करता त्यांनी पदवी घेतली आणि मानसशास्त्रात एम. ए. केले. दिवसा कचेरी, संध्याकाळी तालीम हा त्या काळच्या हौशी नटनट्यांचा नेहमीचा दिनक्रम होता.

गोवा हिंदू असोसिएशन

‘दि गोवा हिंदू असोसिएशन’ ही संस्था मुंबईतल्या गोमंतकीयांनी १९१९ साली स्थापन केली. तिच्या कला विभागाने विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मराठी रंगभूमीला जी नाटके दिली, त्यांत वसंत कानेटकरांचे ‘रायगडाला जेव्हा जाग येते’ (१९६२) आणि कुसुमाग्रजांचे ‘नटसम्राट’ (१९७०) ही दोन नावेच पुरेशी आहेत. या विभागाचा गाडा ओढणारे रामकृष्ण नायक हे गोमंतकीय. त्यांनीच पुढे फोंड्याजवळच्या बांदिवड्याला ‘स्नेहमंदिर’ हा वृद्धाश्रम उभा केला. नाटकाच्या उत्पन्नातून समाजकार्य करायचे, ही या संस्थेची रीत होती. शिस्त व्यावसायिक मंडळीची आणि वृत्ती हौशी, असा हा दुर्मीळ मेळ होता.

याच संस्थेने महाराष्ट्र राज्य नाट्यस्पर्धेत सादर केलेल्या गोविंद बल्लाळ देवलांच्या ‘संशयकल्लोळ’मधून आशालताबाई रंगभूमीवर आल्या. भूमिका रेवतीची. नाट्यदिग्दर्शक गोपीनाथ सावकारांना त्या आपले गुरू मानीत. देवलांच्या ‘शारदा’ आणि ‘मृच्छकटिक’ या नाटकांतही त्यांनी कामे केली.

रेवती ही नवख्या नटीसाठी वरकरणी सोपी, पण फसवी भूमिका आहे. ती गाते, रुसते, लटके रागावते. गद्यातून पदात आणि पदातून पुन्हा गद्यात येताना सांधा दिसला की पात्र मोडते आणि समोर उरते ती फक्त गायिका. संगीत नाटकातल्या नटाची खरी परीक्षा या सांध्यावर होते. ऑर्गनचा सूर मिळतो त्या क्षणी चेहऱ्यावरचा भाव तसाच ठेवून गळा उघडायचा आणि टाळ्या थांबेतो पात्र सोडायचे नाही. पुढे आयुष्यभर कॅमेऱ्यापुढे उभे राहताना ज्या शांतपणासाठी आशालताबाई ओळखल्या गेल्या, त्याचे शिक्षण इथले आहे.

‘मत्स्यगंधा’

१ मे १९६४ रोजी गोवा हिंदू असोसिएशनने वसंत कानेटकरांचे ‘मत्स्यगंधा’ रंगभूमीवर आणले. सत्यवतीच्या भूमिकेत आशालताबाई, पराशर ऋषींच्या भूमिकेत रामदास कामत आणि संगीत जितेंद्र अभिषेकींचे. अभिनेत्री, गायक नट, संगीतकार आणि निर्माती संस्था असे सगळेच गोमंतकाशी नाते सांगणारे. गोवा मुक्त होऊन तेव्हा जेमतेम अडीच वर्षे झाली होती.

नाटकाची कथा महाभारतातली आहे. नाव वल्हवणारी कोळ्याची पोर पराशरावर भाळते, टाकली जाते आणि मग हस्तिनापूरची राणी व्हायचे ठरवते. तिच्यापायी देवव्रत आजन्म ब्रह्मचर्याची प्रतिज्ञा करतो आणि भीष्म होतो. जिच्यासाठी हे सगळे घडले, तिचीच मुले निःसंतान मरतात. म्हणजे नटीने पहिल्या अंकात प्रेमात पडलेली अल्लड मुलगी व्हायचे आणि शेवटी आपल्याच हट्टाचे फळ बघत बसलेली राजमाता. विशी-पंचविशीतल्या अभिनेत्रीला एकाच रात्री हा सगळा प्रवास करायचा होता, तोही गात.

अभिषेकींचे हे नाटकासाठीचे पहिले संगीत. रात्र रात्र चालणाऱ्या नाटकाचे दिवस तोवर सरले होते. तीन-साडेतीन तासांत नाटक संपवायचे, तर पदाला मैफिलीसारखा पसारा परवडत नाही. अभिषेकींनी पदे आटोपशीर बांधली, ताना-आलाप प्रसंगाच्या मापाने बेतले आणि शब्द स्पष्ट ऐकू येईल अशी चाल लावली. ‘ययाति आणि देवयानी’ (१९६६) आणि ‘कट्यार काळजात घुसली’ (१९६७) पुढे याच वाटेने आली. अशा बांधणीत अभिनय आणि गाणे वेगळे काढता येत नाही. नुसता तयार गळा चालत नाही, नुसता बोलका चेहराही चालत नाही.

कामतांच्या वाट्याला ‘गुंतता हृदय हे’ आणि ‘साद देती हिमशिखरे’ यांसारखी खणखणीत पदे आली आणि ती घरोघर गेली. आशालताबाईंच्या वाट्याला ‘गर्द सभोवती रान साजणी’ हे बालकवींच्या कवितेचे पद आले आणि ‘अर्थशून्य भासे मज हा कलह जीवनाचा’ हेही. ‘अर्थशून्य’ त्यांच्या आवाजात ऐकावे. त्यात आर्जव नाही, आक्रोश नाही. सगळे मिळवून रिकामी झालेली बाई स्वतःशी बोलते आहे असे वाटते. सूर लावताना त्या घाई करत नाहीत आणि शब्द सोडताना त्याचा अर्थ हातचा राखत नाहीत. कामतांच्या पदांची कीर्ती मोठी आहे आणि ती रास्तच आहे. पण सत्यवतीचे दुःख या एका पदात जेवढे मावले आहे, तेवढे नाटकातल्या पानभर संवादांतही नाही, असे माझे मत आहे.

‘मत्स्यगंधा’नंतर त्या केवळ संगीत नाटकांपुरत्या राहिल्या नाहीत. शं. ना. नवरे यांनी जयवंत दळवींच्या ‘महानंदा’ या कादंबरीवरून लिहिलेल्या ‘गुंतता हृदय हे’ या गद्य नाटकातही त्यांनी काम केले. त्या नाटकाचे नाव ‘मत्स्यगंधा’तल्या पदावरून घेतलेले आणि मूळ कथानक गोव्यातले.

चित्रपट

हिंदी चित्रपटात त्यांचा ठसा उमटला तो बासू चॅटर्जी यांच्या ‘अपने पराये’मधून (१९८०). हा चित्रपट शरच्चंद्र चट्टोपाध्याय यांच्या ‘निष्कृती’ या कथेवर आधारलेला आहे. एकत्र कुटुंब, तीन जावा, पैशावरून पडणारी फूट. उत्पल दत्त, गिरीश कार्नाड, अमोल पालेकर, शबाना आझमी अशा कसलेल्या मंडळींत आशालताबाई थोरल्या जावेच्या भूमिकेत होत्या. ही थोरली जाऊ मनाने निर्मळ आहे, पण कानाने हलकी. दुसरीचे ऐकून धाकटीला दुरावते आणि आतून कुढत राहते. मराठी प्रेक्षकाला अशी वहिनी चांगली ओळखीची असते. या भूमिकेसाठी फिल्मफेअरच्या साहाय्यक अभिनेत्रीच्या पुरस्काराकरिता त्यांना नामांकन मिळाले.

त्यानंतर कामाचा ओघ सुरू झाला. जब्बार पटेल यांचा ‘उंबरठा’ (१९८२), ‘सदमा’ (१९८३), ‘वो सात दिन’ (१९८३), एन. चंद्रा यांचा ‘अंकुश’ (१९८६) यांसह हिंदी आणि मराठी मिळून त्यांच्या चित्रपटांची संख्या शंभराच्या वर सांगितली जाते. त्यांतल्या बहुतेक भूमिका आई, सासू, मावशी, आजी अशा नात्यांच्या. यादी द्यायची तर ती लांबेल, पण वाचकाच्या हाती फारसे काही लागणार नाही. त्या काळच्या हिंदी चित्रपटात चाळिशीच्या बाईसाठी लिहिलेले प्रसंगच थोडे असत. दार उघडायचे, ताट वाढायचे, मुलाची वाट पाहायची आणि एखाद्या प्रसंगात रडायचे.

इथे एक खंत नोंदवायला हवी. संगीत नाटकात नट स्वतःच्या गळ्याने गातो. चित्रपटात पार्श्वगायन रूढ झाल्यापासून पडद्यावरची व्यक्ती ओठ हलवते आणि आवाज दुसऱ्याचा असतो. शिवाय आईच्या भूमिकेला गाणे सहसा नसतेच. म्हणजे जी अभिनेत्री सुरांतून पात्र उभे करायला शिकली होती, तिला पडद्यावर तिचे निम्मे हत्यार म्यान करून उभे राहावे लागले. तरीही उरलेल्या निम्म्यावर त्यांनी काम निभावले. त्यांचे बोलणे ठाय, म्हणजे संथ लयीत असे, वाक्याचा शेवट गिळला जात नसे आणि समोरचा बोलत असताना त्या खरोखर ऐकत. ऐकणारा नट मोठ्या पडद्यावर चटकन ओळखू येतो.

दूरचित्रवाणी

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि रंगभूमीवरच्या कलावंतांना तिसरे दालन मिळाले. १९९९नंतर खासगी मराठी वाहिन्या आल्या, रोजच्या मालिका सुरू झाल्या आणि घरातल्या वडीलधाऱ्या बाईची भूमिका करणाऱ्या अभिनेत्रींना सतत काम मिळू लागले. आशालताबाई उतारवयातही मालिकांतून काम करत राहिल्या.

२०२०च्या मार्चमध्ये टाळेबंदीमुळे चित्रीकरणे थांबली. उन्हाळ्याच्या अखेरीस महाराष्ट्र शासनाने ती पुन्हा सुरू करायला परवानगी दिली, तेव्हा ६५ वर्षांवरील कलाकारांना सेटवर येण्यास मनाई होती. कित्येक ज्येष्ठ कलावंतांच्या पोटापाण्याचा तो प्रश्न होता. ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ही अट रद्द केली. आशालताबाई तेव्हा ‘आई माझी काळूबाई’ या मालिकेत काम करत होत्या आणि तिचे चित्रीकरण सातारा जिल्ह्यात चालले होते. सेटवर करोनाची लागण पसरली आणि त्याही आजारी पडल्या. साताऱ्याच्या रुग्णालयात उपचार चालू असताना २२ सप्टेंबर २०२० रोजी पहाटे त्यांचे निधन झाले. वय ७९. अंत्यसंस्कार साताऱ्यातच झाले. साथीच्या निर्बंधांमुळे चाहत्यांना अखेरचे दर्शन घेता आले नाही, ना मुंबईतल्या, ना गोव्यातल्या.

लेखन

आयुष्यातल्या आणि रंगभूमीवरच्या अनुभवांचे त्यांचे पुस्तक ‘गर्द सभोवती’ या नावाने प्रसिद्ध आहे. शंभरावर चित्रपट केलेल्या अभिनेत्रीने पुस्तकाला नाव दिले ते सत्यवतीच्या पदाचे. त्या पदाचे ध्वनिमुद्रण आजही सहज मिळते. ज्यांनी त्यांना फक्त पडद्यावर पाहिले आहे, त्यांनी आधी ते ऐकावे आणि मग ‘अपने पराये’तली थोरली जाऊ पुन्हा पाहावी.